शाळेच्या फुटबॉल संघाचा जुना हंगाम कागदावर कसा उभा करावा

एखाद्या शाळेच्या फुटबॉल संघाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी खेळलेला एक संपूर्ण हंगाम, म्हणजे जूनमध्ये शाळा उघडल्यापासून स्नेहसंमेलनातील बक्षीस समारंभापर्यंतचा प्रत्येक सामना, तारीख, मैदान, खेळाडू आणि निकाल यांसह आजही लिहून काढता येतो. त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. वर्षभराचे रविवार, एक जाड वही आणि भेटायला जाण्याची तयारी एवढे पुरते. मी पुण्यातल्या माझ्या शाळेचा १९६१-६२ चा हंगाम असा लिहून काढला. त्या वर्षी मी शाळेत नव्हतो, पण आम्हाला शिकवणारे ड्रिलचे सर त्या संघाबद्दल इतक्या आपुलकीने बोलत की तो संघ आपण पाहिला आहे असेच वाटे. ते काम करताना ज्या क्रमाने गेलो आणि ज्या क्रमाने जायला हवे होते, ते दोन्ही पुढे सांगतो.

प्रथम एकच वर्ष निवडावे. 'शाळेच्या फुटबॉलचा इतिहास' असे काम हाती घेतले की ते पाच पानांच्या गौरवलेखात संपते, कारण प्रत्येक वर्षाची एक ढाल आणि एक कर्णधार एवढेच हाती येते. वर्ष निवडताना विजयाकडे पाहू नये. त्या संघातील किती खेळाडू आज भेटू शकतात हे पाहावे. शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीच्या शेवटी होत असे, म्हणून १९६१ च्या संघातील वरच्या वर्गातली मुले सोळा-सतरा वर्षांची होती आणि आज ती ऐंशी ओलांडून गेली आहेत. शाळेचे दप्तर आणखी दोन वर्षे थांबू शकते, ही माणसे थांबू शकतीलच असे नाही. मी आधी ग्रंथालयात बसलो आणि खेळाडूंकडे नंतर गेलो, या क्रमाची मला अजून खंत आहे, कारण त्या मधल्या सात महिन्यांत संघाचा गोलरक्षक गेला.

पहिली भेट आणि दुसरी भेट

कागद हाती नसताना मुलाखत घेतली तर नेमके प्रश्न विचारता येत नाहीत, आणि कागद गोळा करत बसलो तर माणसे हातची जातात. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला दोनदा भेटणे. पहिल्या भेटीत प्रश्नावली नेऊ नये. 'काका, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?' एवढे विचारावे आणि ऐकत राहावे. फुटबॉल खेळलेला माणूस आपली जागा कधी विसरत नाही, आणि त्या जागेवरून त्याला आपल्या डावीकडे कोण होते, उजवीकडे कोण होते हे आठवू लागते; माझ्या वहीतील आठ नावे अशा शेजारामुळे मिळाली. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करावे, सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख आणि नाव बोलावे, आणि घरी आल्यावर त्याच रात्री मुख्य मुद्दे उतरवून काढावेत.

वर्ष ठरवताना पुण्यात एक फार मोठी सोय आहे. त्या पिढीच्या बोलण्यात 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी वाटणी पक्की असते. १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी, पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि मुठेचे पाणी शहरात शिरले. एखादा सामना कोणत्या वर्षीचा हे सांगता येत नसलेला माणूसही तो पानशेतच्या आधी झाला की नंतर हे लगेच सांगतो. असेच इतर खुंटे वापरावेत: नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७, महाराष्ट्र राज्य झाले ते १ मे १९६०, आणि फुटबॉलवेड्या मुलांसाठी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक १९६२ चे. 'साल कोणते?' असा प्रश्न विचारला की माणूस संकोचतो. 'तेव्हा आणे होते का नवे पैसे?' असे विचारले की त्याला बर्फाच्या गोळ्याचा भाव आठवतो आणि साल आपोआप हाती येते.

दुसऱ्या भेटीला संघाचे छायाचित्र, वर्तमानपत्रातील बातमीची प्रत आणि आपली तारखांची यादी न्यावी. शक्य असल्यास दोन जुने खेळाडू एकत्र बसवावेत. मात्र पहिली भेट नेहमी स्वतंत्र घ्यावी, कारण एकत्र बसल्यावर जो अधिक बोलतो त्याची आठवण सर्वांची होते.

आधी तारखा, मग हकिगती

वहीच्या डाव्या पानावर रिकामे वेळापत्रक आखावे. १९६१ च्या जूनपासून पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक आठवड्याला एक ओळ द्यावी, आणि सहामाही परीक्षा, गणेशोत्सव, दिवाळीची सुट्टी आणि स्नेहसंमेलन आधीच लिहून टाकावे. शालेय फुटबॉल हा मुख्यतः पावसाळ्याचा खेळ होता, म्हणून खऱ्या जागा थोड्याच उरतात आणि शोधाचे क्षेत्र लहान होते. उजव्या पानावर त्या आठवड्याबद्दल जे जे सापडेल ते, कोणाकडून किंवा कोणत्या कागदातून आले हे प्रत्येक वाक्यापुढे लिहीत, नोंदवावे. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. मी सुरुवातीची वीस पाने तशी लिहिली नाहीत, आणि त्यातली काही वाक्ये मला शेवटी गाळावी लागली, कारण ती मी ऐकली की वाचली हे मला सांगता येईना.

जुन्या घरांत रोजनिशी सापडली तर तीत इंग्रजी तारखेऐवजी शके आणि तिथी असण्याची शक्यता असते. शकात ७८ मिळवले की वर्षाच्या बहुतेक भागासाठी इसवी सन मिळतो, आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८८३ म्हणजे १९६१-६२. त्या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आला होता, त्यामुळे रोजनिशीत नुसते 'ज्येष्ठ शुद्ध दशमी' असेल तर ती अधिक ज्येष्ठातली की निज ज्येष्ठातली हे पाहिल्याशिवाय तारीख काढू नये; फरक महिन्याभराचा पडतो. त्या वर्षाचे पंचांग मिळवणे सर्वांत सोपे.

शाळेच्या कार्यालयात काय मागावे

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि 'जुने कागद पाहायचे आहेत' असे मोघम न लिहिता नेमकी दप्तरे मागावीत. वार्षिक अंक आणि स्नेहसंमेलनात वाचलेला अहवाल यांची नावे सर्वांना सुचतात. परंतु अहवाल हा विजयांचा कागद असतो. 'आमच्या संघाने उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली' या एका वाक्याच्या मागे चार सामने असतात आणि त्यातला एकही त्यात नसतो. त्याहून उपयोगी असते ती सूचनावही. 'फुटबॉल संघातील विद्यार्थ्यांना आज तीन वाजता सोडावे' अशी सूचना वर्गावर्गांतून फिरत असे, तिच्यावर शिक्षकांच्या सह्या आणि तारीख असे, आणि बऱ्याचदा मुलांची नावेही असत. वर्तमानपत्रात कधीच न आलेल्या एका मैत्रीच्या सामन्याची तारीख मला याच वहीत मिळाली.

दुसरे दप्तर म्हणजे जमाखर्च. क्रीडा खात्याच्या पावत्यांत ब्लॅडर, पंप, चेंडू शिवण्याची मोच्याची मजुरी, लिंबू-बर्फ आणि गाडीभाडे असे खर्च असतात. तेव्हाचा चेंडू कातडी होता, आत रबरी ब्लॅडर आणि वर नाडी, आणि नियमाप्रमाणे कोरडा असताना त्याचे वजन १४ ते १६ औंस असले तरी चिखलात भिजल्यावर तो चांगलाच जड होत असे. शिवण उसवली की मोच्याकडे जाणे आलेच. म्हणून मोच्याची पावती ज्या आठवड्यात आहे त्याच्या आसपास सामना शोधावा. गाडीभाड्याच्या रकमेवरून सामना जवळच्या मैदानावर झाला की खडकीला, याचाही अंदाज येतो. हंगाम १९५७ च्या आधीचा असेल तर रकमा रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत असतील. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा हे ध्यानात ठेवून बेरीज तपासावी.

तिसरे, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. ढाली आणि चषक शाळेच्या मालमत्तेत जमा होत, त्यामुळे ढाल केव्हा आली याची तारीख तेथे मिळते. ढाल फिरती असेल तर ती पुढच्या वर्षी परत गेली असणार. मग ती आज ज्या संस्थेकडे आहे तेथे जाऊन तिच्यावरील चांदीच्या छोट्या पट्ट्या वाचाव्यात. मुलांची पूर्ण नावे जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत मिळतात, आणि 'बाळ', 'बंड्या', 'अण्णा' अशा टोपणनावांमागचा मुलगा ओळखायला त्याचा उपयोग होतो. त्या रजिस्टरमध्ये जात आणि जन्मतारीखही असते. ती उतरवू नये आणि छापू तर मुळीच नये. आपल्याला नाव आणि इयत्ता एवढेच हवे आहे.

कधी कधी दप्तर नसतेच. जागा हवी म्हणून एका शाळेने जुनी दप्तरे रद्दीत घातल्याचे मला तिथल्या निवृत्त शिपायाने सांगितले, आणि नदीकाठच्या पेठांतील घरांतले पुष्कळ कागद पानशेतच्या पाण्यात गेले. अशा वेळी प्रतिस्पर्धी शाळेकडे जावे. हे अनेकांना सुचत नाही, म्हणून आवर्जून सांगतो. प्रत्येक सामन्याचे दोन संघ असतात आणि हरलेल्या संघापेक्षा जिंकलेल्या संघाचा अंक अधिक तपशील देतो. पुण्यात फुटबॉलचे मूळ लष्कर भागात आणि खडकीत, गोऱ्या पलटणींच्या मैदानांवर रुजले. पेठांतल्या शाळांचा ओढा हुतूतू, खो-खो आणि मल्लखांबाकडे अधिक होता. बिशप्स ही १८६४ ची आणि सेंट व्हिन्सेंट्स ही १८६७ ची शाळा, अशा लष्करातल्या जुन्या शाळांचे अंक इंग्रजीत असतात, आणि आपल्या मराठी शाळेचे नाव त्यात वेगळ्याच वर्णलेखनाने येऊ शकते. पुण्यासाठी 'पूना' आणि खडकीसाठी 'किरकी' ही जुनी रूपे शोधताना लक्षात असू द्यावीत.

वर्तमानपत्राची फाइल वाचताना

१८८१ पासूनचा 'केसरी' आणि १९३२ पासूनचा 'सकाळ' ही पुण्यापुरती पहिली दोन नावे. फाइल कोठे पाहायला मिळेल हे मोठ्या ग्रंथालयांत आधी विचारून मगच जावे. जुन्या अंकांचा कागद ठिसूळ झालेला असतो. पान कोपऱ्याने न उचलता खाली हात घालून उलटावे, पेन ऐवजी पेन्सिल न्यावी आणि छायाचित्रास परवानगी आहे का ते विचारावे. सामन्याची बातमी दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही, म्हणून पुढच्या आठ दिवसांचे अंक पाहावेत. निकालाइतकेच 'उद्याचे सामने' हे चौकटीतले चार शब्दही महत्त्वाचे आहेत, कारण ठरलेला आणि न झालेला सामना फक्त तेथेच दिसतो.

बातमीची भाषा समजून घेतली नाही तर खरी माहिती चुकीची वाटते. त्या काळी संघाची मांडणी एक गोलरक्षक, दोन फुलबॅक, तीन हाफबॅक आणि पाच फॉरवर्ड अशी लिहिली जाई. राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट हे ते पाच जण. नावे बहुधा याच क्रमाने छापली जात, त्यामुळे नुसत्या यादीवरूनही कोण कोठे खेळला हे बहुतेक वेळा काढता येते. बदली खेळाडूची पद्धत रुळलेली नव्हती, विश्वचषकातसुद्धा ती १९७० मध्येच आली. तेव्हा 'उत्तरार्धात संघ दहा जणांनिशी खेळला' असे वाचून कोणाला बाहेर काढले असे समजू नये, बहुधा कोणी तरी जखमी झालेला असतो. पिवळे आणि लाल कार्डही १९७० चेच, म्हणून १९६१ च्या आठवणीत कोणी 'लाल कार्ड' म्हणाले तर घटना खरी आणि शब्द नंतरचा असे धरून चालावे.

सर्वांत मोठा घोटाळा बरोबरीच्या सामन्यांत होतो. बरोबरी सोडवण्यासाठी पेनल्टी किक मारण्याची रीत १९७० मध्ये नियमांत आली. त्याआधी बाद फेरीतील सामना बरोबरीत सुटला की जादा वेळ दिला जाई किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवला जाई. आमच्या कर्णधारांना एक सामना ३-१ असा आठवत होता आणि मला बातमी १-१ अशी सापडली. मी त्यांना ती दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त कागद बराच वेळ हातात धरून बसले, आणि माझ्या मनात आले की आपण यांची आठवण मोडली. तीन आठवड्यांनी मला पुढच्या तारखेचा अंक मिळाला: फेरसामना, निकाल ३-१. त्या दिवशी मी फोन न करता थेट त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून, कागद आणि आठवण जुळत नसतील तर आधी आठ दिवस पुढचे आणि आठ दिवस मागचे अंक पाहायचे आणि मगच माणसाला विचारायचे, असा नियम मी घालून घेतला आहे. तरीही जुळले नाही तर दोन्ही निकाल लिहावेत आणि कोणता कोठून आला ते सांगावे.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. हंगाम १९२५ च्या आधीचा असेल तर ऑफसाइडचा नियम वेगळा होता, पुढच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे तीन जण असावे लागत, दोन नव्हे; त्या काळचे कमी गोल त्या दृष्टीने वाचावेत. आणि मुले अनवाणी खेळत हे वाचून लगेच गरिबीचा निष्कर्ष काढू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही आपल्या संघातील बरेच खेळाडू बुटांशिवाय, पायांना पट्ट्या बांधून उतरले होते आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले होते. बूट का घालत नव्हता हे खेळाडूलाच विचारावे. आमच्या लेफ्ट आउटने सांगितलेले कारण असे की बुटातून चेंडू 'कळत नाही'.

पाऊस आणि पोकळी

पुणेकर संशोधकाला लाभलेली एक सोय अन्य गावांत क्वचितच मिळेल. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, आणि देशभरातील जुन्या नोंदी सांभाळणारे केंद्रही पुण्यातच आहे. रीतसर मागणी करून हंगामातील दैनिक पावसाचे आकडे मिळवावेत. 'गुडघाभर चिखलात खेळलो' ही आठवण आणि त्या दिवशीचा पाऊस शेजारी शेजारी ठेवले की तारीख पक्की होते, किंवा ती दुसऱ्या सामन्याची आहे हे कळते. एवढेच लक्षात ठेवावे की पावसाची नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते. रविवारी दुपारच्या सामन्यातला पाऊस सोमवारच्या आकड्यात सापडतो.

आमच्या हंगामाच्या मध्यभागी मात्र पावसाने समजावता येणार नाही अशी पोकळी आहे. १२ जुलैनंतर कित्येक आठवडे माझ्या वेळापत्रकात एकही सामना नाही. वर्तमानपत्रांत त्या दिवसांत पुराशिवाय दुसरे असणार तरी काय होते, आणि शाळांच्या वर्गांतून बेघर झालेली कुटुंबे राहत होती. अशी पोकळी आली की ती अंदाजाने भरू नये आणि गाळूही नये. ज्या तारखांना सामने ठरले होते त्या ओळी तशाच ठेवून पुढे 'झाला नाही' असे लिहावे, आणि त्या दिवसांत संघातील मुले काय करत होती हे प्रत्येकाला विचारून त्याच जागी नोंदवावे. आमच्या राइट हाफचे घर नारायण पेठेत होते, ते गेले. त्याने उरलेला हंगाम मामाच्या घरून येऊन खेळला, आणि संघाच्या छायाचित्रात त्याच्या अंगावरचा सदरा दुसऱ्याचा आहे, हे मला त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाने साठ वर्षांनी सांगितले.

छायाचित्र आणि शेवटची प्रत

संघाचे छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवलेले असते. ते सोडवण्याचा प्रयत्न करू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये. पुठ्ठ्यासकट, मागच्या बाजूसह, ६०० डीपीआयवर स्कॅन करावे, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावे मागेच असतात. पुढच्या मुलाच्या पायाशी ठेवलेल्या चेंडूवर खडूने किंवा रंगाने वर्ष लिहिण्याची पद्धत होती. ते मोठे करून वाचावे. खाली छापलेली नावे उभे, खुर्चीवर बसलेले आणि जमिनीवर बसलेले अशा ओळींनी असतात, पण छापताना डावे-उजवे उलटल्याची उदाहरणे मी दोन पाहिली आहेत, म्हणून प्रत्येक चेहरा किमान दोघांकडून ओळखून घ्यावा. कोपऱ्यात उभ्या असलेल्या शिपायाचे किंवा मैदान सांभाळणाऱ्या माणसाचे नाव खाली बहुधा नसते. ते विचारून लिहावे. गोलपोस्टला चुना लावणारा माणूस हंगामाचा भाग होता.

मजकूर लिहिताना सामन्यांच्या क्रमाने जावे, अंतिम सामन्यापासून सुरुवात करू नये. खेळाडूंचे बोलणे त्यांच्याच शब्दांत ठेवावे आणि छापण्याआधी त्यांना मोठ्या अक्षरांतील प्रत वाचायला द्यावी. कोणी एखादे वाक्य काढा म्हणाले तर वाद न घालता काढावे. एक प्रत शाळेला, एक सार्वजनिक ग्रंथालयाला आणि एक प्रतिस्पर्धी शाळेला द्यावी. प्रत्येक प्रतीच्या शेवटी दोन कोरी पाने बांधून घ्यावीत आणि वर 'दुरुस्त्या' एवढेच लिहावे. माझ्या शाळेतल्या प्रतीत त्यांतले पहिले पान भरले आहे; त्यावर गोलरक्षकाच्या मुलीने आपल्या वडिलांच्या रोजनिशीतून काढलेल्या दोन सामन्यांच्या तारखा लिहिल्या आहेत, आणि त्यांपैकी एक माझ्याकडे चुकलेली होती.